आत्मसमर्पण, ख्रिस्ती (बेळगाव सीमाभाग)

आजारपण, मृत्युशोक, कर्जबाजारीपणा किंवा अपमान अशा दुःखाच्या काळात स्वतःची इच्छा देवाच्या इच्छेच्या हवाली करणे आणि त्या हवालीतूनच आशा धरणे, ही ख्रिस्ती साधना. तिला नवसासारखा ठरीव विधी नाही. प्रार्थना, गीत, साक्ष (देवाच्या कृपेचा स्वतःचा अनुभव इतरांपुढे सांगणे) आणि गुड फ्रायडेची उपासना यांतून ती प्रकट होते. प्रस्तुत नोंदीत कर्नाटकातील बेळगाव, खानापूर व निपाणी या परिसरातील मराठी भाषक ख्रिस्ती समाज मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवला आहे.

या साधनेचा शास्त्राधार प्रामुख्याने दोन प्रसंगांत आहे. गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी करतो आणि लगेच पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. क्रुसावर, लूकच्या शुभवर्तमानानुसार (२३:४६), तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. हे शब्द बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या एकतिसाव्या स्तोत्रातले आहेत. मार्क (१५:३४) मात्र बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतला आक्रोश नोंदवतो : देवा, तू माझा त्याग का केलास? लूकने मार्कचा कठोरपणा सौम्य केला, असे काही भाष्यकार म्हणतात. परंतु बाविसावे स्तोत्रही शेवटी स्तुतीकडे वळते, हे लक्षात घेता दोन उद्गारांत दिसतो तेवढा विरोध नसावा. गुड फ्रायडेला होणाऱ्या, क्रुसावरील येशूच्या सात उद्गारांच्या उपासनेत ते दोन्ही एकाच दुपारी वाचले जातात. दुःखाने धीर, धीराने कसाला उतरलेले शील आणि शीलाने आशा, ही प्रेषित पौलाची साखळी (रोमकरांस पत्र ५:३–५) प्रवचनांतून वारंवार येते.

गेथशेमानेच्या प्रसंगातील दोन वचनांबाबत (लूक २२:४३–४४) पाठभेदाचा, म्हणजे ती मूळ लेखनात होती की नव्हती याचा, जुना वाद आहे. स्वर्गातून एक देवदूत येऊन येशूला बळ देतो आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो, असा त्यांचा आशय. पंचाहत्तर क्रमांकाचे पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखित (सामान्यतः तिसऱ्या शतकातले, अलीकडील काहींच्या मते चौथ्या) आणि व्हॅटिकन व अलेक्झांड्रिया हस्तलिखिते यांत ही वचने नाहीत. सिनाई हस्तलिखितात ती मूळ लेखनिकाने लिहिली, मग एका दुरुस्तीकाराने गाळण्याच्या खुणा केल्या आणि पुढे त्या खुणाही पुसल्या गेल्या. याउलट दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन व त्यानंतर आयरेनियस या आद्य ख्रिस्ती लेखकांना घामाचा उल्लेख माहीत होता. म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांपेक्षा ही साक्ष जुनी ठरते. येशूला खरे शरीरच नव्हते, असे मानणाऱ्या पंथांना उत्तर म्हणून ही वचने मागाहून घातली गेली, असा पक्ष १९८३ मध्ये अर्मन व प्लंकेट या अभ्यासकांनी मांडला. देवपुत्राला देवदूताच्या आधाराची गरज पडावी हे अवघड वाटून ती गाळली गेली, हा दुसरा पक्ष. बायबलचे अभ्यासक रेमंड ब्राउन यांचा कल वचने अस्सल मानण्याकडे होता. प्रचलित चिकित्सक ग्रीक आवृत्तीत ती दुहेरी कंसात छापतात, म्हणजे संपादक ती मूळ पाठातली मानत नाहीत. वचने मागाहून आली असली, तरी ती दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहेत, एवढे धरून चालण्यास हरकत नसावी. मराठी शास्त्रवाचनात ती नेहमीच आहेत आणि आजाऱ्याच्या उशाशी होणाऱ्या प्रार्थनेला त्यांचाच आधार अधिक असतो : प्याला टळला नाही, पण तो पिण्याचे बळ मिळाले.

समर्पण पूर्ण झाल्यावर आशेला जागा उरते काय, हा प्रश्न युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस ऐरणीवर आला. मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची ६८ विधाने पोप इनोसंट अकरावे यांनी १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली. जीवाने पूर्ण निश्चेष्ट होऊन स्वतःच्या तारणाविषयीही उदासीन व्हावे, असा त्या शिकवणीचा रोख होता. फ्रान्सचे बिशप फेनेलोन यांनी निरपेक्ष प्रेमाची, म्हणजे फळाची आशा न ठेवता देवावर करायच्या प्रेमाची, बाजू बरीच सावधपणे मांडली, तरी त्यांचीही २३ विधाने १६९९ मध्ये नाकारली गेली. तात्पर्य, देवावर सर्व सोपवणाऱ्याने आशाही सोडावी, हे मत चर्चने स्वीकारले नाही. मध्ययुगीन धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने आशेला निराशा आणि फाजील खात्री या दोहोंपासून वेगळे काढले होते. तीच चौकट टिकली. प्रॉटेस्टंटांतही समर्पणाला उपासनेत स्थान मिळाले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७५५ मध्ये सुरू केलेली करार-उपासना (देवाशी असलेला करार नव्याने करण्याची उपासना) त्या परंपरेत बहुधा नववर्षारंभी होते. तीत कामाला लाव किंवा दुःख सोसायला लाव, अशा अर्थाची प्रार्थना असते. तिचे हल्लीचे शब्द वेस्लीचे नसून विसाव्या शतकातील संस्करणातले आहेत.

सीमाभागात ही शिकवण दोन वाटांनी पोहोचली. एक गोव्याची. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे छापले गेले. त्या काळच्या छापील प्रती उपलब्ध नसून आजचा पाठ हस्तलिखितांवरून सिद्ध झाला आहे. गोव्यातून घाटावर आलेल्या कॅथलिक कुटुंबांची भक्ती कोकणी व मराठी या दोहोंत चालते. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. दुसरी वाट प्रॉटेस्टंट मिशनांची. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात ठाणे उघडले आणि १९०४ च्या सुमारास ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. धारवाड–हुबळीकडील बासेल मिशनचे काम कन्नड असल्याने मराठी मंडळ्यांचे (स्थानिक चर्चच्या समुदायांचे) गीतभांडार मात्र अहमदनगर–मुंबईकडून आले. 

मराठी समर्पणगीतांना वळण दिले ते नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मंडळ्यांच्या तोंडी बसली. अभंगातील शरणागती आणि ख्रिस्ती समर्पण यांना एकच मानण्याचा मोह अभ्यासकांना होतो. परंतु क्रुसावरील मरणाचा प्रसंग समर्पणाच्या केंद्रस्थानी असणे, हा भेद टिळकांनी सोडलेला नाही.

या शिकवणीवर आक्षेपही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्यांना ‘सोसा’ असे सांगणे म्हणजे अन्यायाला हातभार लावणे होय. धर्मचिंतक अरविंद निर्मल यांच्या १९८१ मधील बंगळूर येथील व्याख्यानापासून दलित ख्रिस्ती विचार आकाराला आला. त्यात वेदना हा ज्ञानाचा मार्ग मानला, पण तिचे गोडवे गायले नाहीत. स्वेच्छेने सोपवणे आणि लादलेले सोसणे यांत भेद करणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रत्यक्ष व्यवहारात घरच्या प्रार्थनेला महत्त्व आहे. पाळकसाहेब किंवा मंडळीतील वडीलधारे आजाऱ्याच्या घरी जमतात, शास्त्रपाठ होतो, मग ज्याला सांगावेसे वाटते तो साक्ष देतो. साक्षीत तक्रारीला मज्जाव नसतो. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रेच तो परवाना देतात. प्रार्थना मराठीत आणि मधले एखादे गीत कन्नडात, असे सीमाभागात चालते. कॅथलिकांत चाळीस दिवसांच्या उपवासकाळात क्रुसाची वाट चालतात, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेतील प्रसंगांपुढे क्रमाने थांबून प्रार्थना करतात. चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत एकतिसाव्या स्तोत्रातील, आत्मा देवाच्या हाती सोपवण्याचे तेच वचन रोज म्हटले जाते.