खाली केलेल्या गाडीचे व्हील अलाइनमेंट

स्प्रिंग बदलून किंवा कापून मोटारीची उंची कमी केली की चाकांचे कोन मूळ मापातून सरकतात. ते पुन्हा मापात आणून टायरची एकाच कडेने होणारी झीज थांबवण्याचे काम म्हणजे खाली केलेल्या गाडीचे अलाइनमेंट. ठाणे-नवी मुंबईतल्या टायरवाल्यांकडे ही तक्रार एका वाक्यात येते: ‘गाडी आतून टायर खाते.’ बाहेरून नक्षी शाबूत असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या आतल्या कडेला हात लावावा तर तिथे गोटा. मागची चाके तर वळवताही येत नाहीत. मडगार्डखाली मोबाइलचा टॉर्च धरून वाकून पाहिले तरच ती कड दिसते, आणि बहुतेक जण तारा बाहेर येईपर्यंत वाकत नाहीत.

समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कलते तो कॅम्बर. वरून पाहता दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून वळलेली असतात तो टो. वळताना पुढचे चाक ज्या अक्षाभोवती फिरते त्याचा पुढे-मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. टायरच्या झिजेशी त्याचा संबंध थोडाच. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात. गाडी खाली बसली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होत जातो, चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि चाके फेंगडी दिसू लागतात. हा कॅम्बर डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. खरा चोर बहुधा टो असतो. टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, त्यामुळे उंची बदलताच टोही बदलतो. कोणत्या दिशेला, हे स्टेअरिंग रॅक (टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) कुठे बसवला आहे त्यावर ठरते.

टो किती महाग पडतो ते हिशेबाने कळते. चाक पाव अंश वाकडे असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर आडवे घासले जाते. पामबीच रस्ता वाशीपासून बेलापूरपर्यंत साधारण १० किलोमीटर. तेवढ्या अंतरात ४४ मीटर. उलट टो बरोबर असेल तर अंश-दीड अंशाच्या कॅम्बरवरही टायर बऱ्यापैकी टिकतो. दोष कोणाचा हे हाताला कळते. तळहात नक्षीवरून आडवा फिरवावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो, आतली कड नुसतीच सपाट गुळगुळीत असेल तर कॅम्बर. फेंगडेपण आणि बाहेर वळलेला टो एकत्र आले की आतली कड सर्वांत झपाट्याने जाते. गाडी सरळ धावते, म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे, हा समज मात्र खोटा: दोन्ही चाके सारखीच बाहेर वळली असतील तर गाडी सरळच जाते आणि टायरही सरळच संपतात.

काम मशिनवर चढण्याआधी सुरू होते. लो गाडीचा बंपर रॅम्पला घासतो, म्हणून आधी लाकडी फळ्या टाकून चढ कमी करावा लागतो. फळ्या मागाव्या लागल्या तर त्या शेडमध्ये अशा गाड्या फारशा येत नसाव्यात असे समजावे. मग हवा, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरे) तपासायचे. ढिला बुश तसाच ठेवून काढलेला हिरवा, म्हणजे सगळे कोन मापात दाखवणारा, प्रिंट बाहेर पडताच निरुपयोगी होतो. मोजणीच्या वेळी गाडी रोज जशी चालते तशी उभी असावी, कारण चार माणसे बसली की लो गाडीचे कोन पुन्हा हलतात. नवे स्प्रिंग काहीशे किलोमीटर चालून बसल्यावर एकदा परत तपासणी करावी.

क्रम महत्त्वाचा: आधी मागची चाके, मग पुढचा कॅम्बर, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. अडचण अशी की बऱ्याच साध्या गाड्यांना कंपनीने फक्त पुढच्या टोची सोय दिलेली असते. कॅम्बरसाठी स्ट्रटच्या तळाशी विक्षिप्त (मध्य एका बाजूला सरकलेला) बोल्ट घालतात, त्याने अंश-दीड अंश मिळतो. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा संच) असेल तर वर कॅम्बर प्लेट, म्हणजे स्ट्रटचे वरचे टोक आत-बाहेर सरकवणारी पट्टी, बसवता येते. मागे अखंड टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) असेल तर हबमागे (चाक ज्यावर बसते त्या भागामागे) पातळ चकत्या घालणे एवढाच उपाय उरतो. ‘मागचं काही होत नाही, साहेब’ हे उत्तर अर्धे खरे आहे: मशिनवर होत नाही, हब उघडून होते.

स्प्रिंग कापणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग. कापलेला स्प्रिंग अधिक कडक होतो, चाक लटकले की जागेवरून सुटू शकतो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर भलत्याच पट्ट्यात काम करतो. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात असा एक खड्डा बसला की टाय रॉड वाकायला पुरे. म्हणून दसऱ्याच्या आसपास कोन पुन्हा पाहणे शहाणपणाचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेत, हेही गाडी खाली करणाऱ्याने आधीच वाचलेले बरे.

अलाइनमेंटने गेलेले रबर परत येत नाही. एका कडेने खाल्लेला टायर मापातल्या चाकावरही आवाज करतो, कधी गाडीही खेचतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकली असेल तर तो बदलावाच. रबर शिल्लक असेल आणि टायरवर आत-बाहेरची खूण नसेल तर रिमवरून काढून उलटा चढवतात. खाल्लेली कड बाहेर येते आणि पुढे किती झिजते ते न वाकता दिसते.