इन्सुलिनची 'सवय' लागत नाही
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजही कानावर येतं: 'एकदा इन्सुलिन सुरू झालं की सुटत नाही, सवय लागते.' या भीतीपायी आजी-आजोबा रक्तातली 300 ची साखर अंगावर काढतात, तेव्हा जीव तुटतो. इन्सुलिन हे व्यसन नव्हे. आपलं स्वादुपिंडच ते बनवतं. टाइप 2 मधुमेहात वर्षानुवर्षं ते अपुरं पडत जातं, म्हणून बाहेरून घ्यायचं. ऑपरेशनपुरतं दिलेलं पुष्कळदा बंदही होतं. इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई तर जेमतेम 4 मिलिमीटरची.

इन्सुलिन घेताना जपायचं ते रक्तातली साखर 70 च्या खाली जाण्याला. घाम, थरथर, अचानक असंबद्ध बोलणं दिसलं, तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.