शिक्षा त्यांची, मग निषेध आपण का करायचा?

‘देहदंड कसा द्यायचा ही ज्या-त्या देशाची अंतर्गत बाब, परदेशी खासदारांनी निषेध करणं म्हणजे बेकायदा हस्तक्षेप,’ असं अनेकदा वाचायला मिळतं. सार्वभौमत्वाचा मुद्दा खराच आहे, म्हणून ते पटतंही.

पण नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार पाहा. देहदंडावर त्यात सरसकट बंदी नाही. कलम ६ तो अत्यंत गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवतं. कलम ७ मात्र क्रूर, अमानुष शिक्षेला मनाई करतं, अगदी आणीबाणीतही. करार स्वीकारणारा देश हा शब्द इतर सदस्य देशांना देतो. मग दगडांनी ठेचून मारण्यासारख्या देहदंडाबद्दल त्यांनी जाब विचारला तर नवल नाही. शिवाय परदेशी खासदारांचा निषेधाचा ठराव म्हणजे नुसतं मत. त्याने त्या देशातला निकाल फिरत नाही.

कराराचा मजकूर, सदस्य देशांची यादी आणि त्यांनी घातलेल्या अटी इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात.