ताशी वेतनावरून हातात येणाऱ्या पगाराचा अंदाज (अमेरिका)

अमेरिकेत निम्म्याहून अधिक पगारदारांना तासाच्या दराने वेतन मिळते. या दराने होणारी सगळी रक्कम मात्र कामगाराच्या हाती पडत नाही. फेडरल (केंद्र सरकारचा) आयकर, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) हप्ते आणि बहुतेक राज्यांत राज्याचा आयकर मालक पगारातूनच कापतो. आयकराची अशी कपात १९४३ पासून सार्वत्रिक झाली. घरभाडे किती परवडेल, दोन नोकऱ्यांपैकी कोणती घ्यावी, हे ठरवण्यापूर्वी कपातीनंतरची रक्कम काढून पाहावीच.

आयकर वर्षाच्या उत्पन्नावर बसत असल्याने हिशेबही वर्षाचाच करावा लागतो. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर २,०८० तास होतात. हा आकडा सर्रास वापरला जातो, पण तो डोळे झाकून घेऊ नये. खासगी नोकरीत भरपगारी रजा देण्याची सक्ती फेडरल कायद्यात नाही, आणि दुकाने किंवा उपाहारगृहांतल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. आठवड्याला सरासरी ३२ तासच काम मिळाले, तर वर्षाचे १,६६४ तास भरतात. एवढा मोठा फरक करातल्या बारकाव्यांनी सहसा पडत नाही. म्हणून जुन्या पगारपत्रकांवरून प्रत्यक्ष तासांची सरासरी काढणे उत्तम.

उदाहरणार्थ, २०२४ साली ताशी २० डॉलर मिळवणारी, पूर्णवेळ काम करणारी अविवाहित व्यक्ती घेऊ. वर्षाचे एकूण वेतन ४१,६०० डॉलर. त्यातून १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट (आयकरातून सरसकट सूट मिळणारी रक्कम) गेली की करपात्र उत्पन्न २७,००० उरते. पहिल्या ११,६०० डॉलरवर १० टक्के आणि उरलेल्या १५,४०० वर १२ टक्के, असा फेडरल आयकर ३,००८ डॉलर होतो. सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के मात्र प्रमाणित वजावट न देता संपूर्ण वेतनावर लागतात. ते ३,१८२ डॉलर भरतात. कमी वेतनाच्या कामगाराला आयकरापेक्षा हे हप्तेच जड जातात. शेवटी सुमारे ३५,४१० डॉलर उरतात, म्हणजे दर पंधरवड्याला १,३६२ आणि तासाला १७.०२ डॉलर.

हा आकडा टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या, वेतनावर आयकर न लावणाऱ्या राज्यांतला. फिलाडेल्फियात राहून काम करणाऱ्याला २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के आयकर आणि शहराचा ३.७५ टक्के वेतनकर द्यावा लागत होता, तोही प्रमाणित वजावटीविना. त्याच्या हाती तासाला जेमतेम १५.६६ डॉलर येत. निवृत्तीसाठी ४०१(के) खात्यात करपूर्व टाकलेल्या पैशांवर आयकर तूर्त वाचतो, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होतेच. मालकाच्या योजनेतून करपूर्व भरलेल्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर सहसा दोन्ही वाचतात.

ओव्हरटाइमबाबत एक गैरसमज फार पसरला आहे: जादा काम केले तर सगळे करातच जाते. १९३८ च्या कायद्यानुसार पात्र कामगाराला ४० तासांपुढे किमान दीडपट दर मिळतो. त्या आठवड्यात कपात फुगलेली दिसते, कारण तेवढाच पगार वर्षभर मिळेल असे धरून ती काढलेली असते. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातल्या डॉलरना लागतो आणि जास्तीची कपात विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. या भीतीने जादा तास नाकारणे म्हणजे स्वतःचे नुकसान. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी तर ओव्हरटाइमच्या दीडपटीपैकी नेहमीच्या दरावर मिळणाऱ्या जादा अर्ध्या पटीला, मर्यादेत, आयकरातून वजावट मिळते.

दोन अर्धवेळ नोकऱ्या करणाऱ्यांची अडचण उलटी असते. दोन्ही मालक पूर्ण प्रमाणित वजावट गृहीत धरतात, त्यामुळे कपात कमी होते आणि एप्रिलमध्ये कर भरावा लागतो. कपात ठरवण्यासाठी मालकाकडे द्यायच्या डब्ल्यू-४ अर्जात दुसऱ्या नोकरीची नोंद केल्यास हे टळते. स्वतंत्र कंत्राटदाराला हा सगळा हिशेब लागू होत नाही. त्याच्या देयकातून सहसा काहीच कापले जात नाही, आणि मालकाच्या वाट्याचे हप्तेही धरून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर त्याला आयकराव्यतिरिक्त स्वतःच भरावा लागतो.