इंडक्शन की इन्फ्रारेड? माशाचा चारा शिजवायला शेगडी घेताना

दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेल्या असतात. वर काळी गुळगुळीत काच, पुढे बटणांची पट्टी, मागून निघालेली जाड वायर. बरेच दुकानदार दोन्हींना सरसकट ‘इंडक्शन’च म्हणतात. घरी आणून बॉयली (गळाला लावायच्या उकळलेल्या घट्ट गोळ्या) उकळायला किंवा कोंडा भाजायला घेतला की मग कळतं, या दोन वेगळ्या जातीच्या शेगड्या आहेत. रोजच्या चहा-भातात हा फरक खपून जातो. चाऱ्याच्या कामात खपत नाही, कारण इथे एकदा भरपूर पाणी सतत खळखळत ठेवायचं असतं आणि एकदा कोरडा माल बेतानं परतायचा असतो.

ओळखायची सोपी रीत म्हणजे दुकानातच प्लग लावून, भांडं न ठेवता शेगडी चालू करणं. इन्फ्रारेड असेल तर काही सेकंदांत काच आतून लाल दिसू लागते. इंडक्शन असेल तर काच काळीच राहते, शेगडी पीं-पीं करते आणि थोड्या वेळानं आपोआप बंद पडते. खोक्यावर ‘सर्व प्रकारची भांडी चालतात’ असं लिहिलेलं असेल तर ती इन्फ्रारेड समजा.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलते, त्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. इन्फ्रारेडमध्ये काचेखाली धातूची पट्टी लाल होते, तिची धग काचेतून भांड्याला लागते. पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

पहिला फरक भांड्याचा. चाऱ्यासाठी घरातलं जुनं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं बाजूला काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. इंडक्शनवर ते चालणारच नाही, तांबं-पितळही नाही. स्टीलचंही प्रत्येक चालेल असं नाही. फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून बघा. खट्‌कन बसलं तर उत्तम, निसटत असेल तर पाणी उकळायला दुप्पट वेळ खाईल किंवा शेगडी भांडं ओळखणारच नाही. म्हणून इंडक्शन घ्यायची ठरवलीत तर किंमत धरताना पाच-सात लिटरचं चुंबक धरणारं पातेलंही त्यात धरा.

आता बॉयली, कारण शेगडीची खरी परीक्षा इथेच होते. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे तळाशी खातात. त्यांच्यासाठी गळावर टिकणारी, लहान मासे टोचून संपवू शकणार नाहीत अशी घट्ट गोळी लागते. एका वेळच्या मालाचं साधं प्रमाण असं: शेंगपेंडीची चाळलेली पूड २०० ग्रॅम, बारीक रवा १५० ग्रॅम, सोयाबीनचं पीठ १०० ग्रॅम, सुकटीची पूड ५० ग्रॅम, दोन चमचे किसलेला गूळ आणि ५ ते ६ अंडी. आधी अंडी आणि गूळ फेटून घ्यायचं, मग त्यात पीठ थोडं थोडं घालत मळायचं. वीस मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे रवा ओल पितो. मग १६ मिलिमीटरच्या गोळ्या वळायच्या.

या गोळ्या उकळत्या पाण्यात ६० ते ९० सेकंद राहिल्या की अंड्यातलं प्रथिन गोठून बाहेर कवच धरतं. पण त्यासाठी पाणी खरंच उकळतं हवं. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यानं आपलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात गार गोळ्या पडल्या की ते खाली येतं. साठेक गोळ्या म्हणजे अंदाजे १५० ग्रॅम माल. दोन लिटर पाण्यात टाकला तर तापमान सुमारे चार अंशांनी उतरतं आणि २००० वॅटची इंडक्शन ते वीसेक सेकंदांत भरून काढते. तेच अर्धा किलो माल एकदम ओतला तर पाणी बारा-तेरा अंशांनी पडतं आणि परत उकळी यायला मिनिटभर जातं. म्हणजे गोळ्यांचा जवळपास सगळा वेळ न उकळत्या पाण्यात जातो. कवच धरायच्या आत त्या एकमेकींना आणि बुडाला चिकटतात, झाऱ्यानं सोडवताना फुटतात, पाणी पिठूळ होतं आणि पुढच्या घाण्याला फेस येतो. बरेच जण अशा वेळी अंड्याला दोष देऊन पीठ वाढवतात. दोष घाण्याच्या आकाराचा असतो.

पाणी पाच लिटर घ्या, घाणा साठ गोळ्यांचा ठेवा, जाळीच्या चाळणीत घालूनच बुडवा. गोळ्या वर तरंगल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी काढून जुन्या सुती कापडावर एका थरात पसरा. जास्त उकळल्या तर गूळ आणि सुकटीचा रस पाण्यातच उतरतो, गोळी कडक होते पण बेचव. पाणी गढूळ झालं की बदला.

या कामात इंडक्शन सरस आहे आणि त्याचं कारण वेग एवढंच नाही. बटण दाबताच उकळी वाढते, कमी करताच बसते, म्हणून उतू जायला आलेला फेस जागच्या जागी आवरता येतो. इन्फ्रारेडची पट्टी आणि काच तापलेली राहते, बटण बंद केलं तरी अर्धा-एक मिनिट फेस वर येतच राहतो. पाच लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला इंडक्शनला पंधरा मिनिटं धरा, इन्फ्रारेडला वीसेक. वीज एका बाजूला अर्धा युनिट, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडी जास्त. बिलाच्या या फरकापायी शेगडी निवडू नये.

एक सूचना. इंडक्शनवर तापमानाचं बटण असतं, ते चाऱ्यासाठी वापरू नका. सेन्सर काचेखाली असतो, पाण्यात नाही, आणि तो दाखवतो त्या आकड्याचा पाण्याच्या तापमानाशी थेट मेळ बसत नाही. वॅटचं बटण धरा.

आता उलट बाजू. कटला मासा वरच्या थरात खातो, त्याला पाण्यात सहज विरघळत पसरणारा मऊ चारा लागतो: भिजवलेली पेंड, भाजलेला कोंडा, थोडी कणीक. आजरा-चंदगड पट्ट्यातल्या भात गिरण्यांतून ताजा कोंडा मिळतो, पण तो पोत्यात फार दिवस टिकत नाही. भात सडताना मोकळं झालेलं विकर (एन्झाइम) त्यातल्या तेलावर काम करू लागतं आणि कोंडा खवट होतो. भाजल्यानं ते विकर मरतं. म्हणून भाजणं हे वासासाठी जितकं आहे तितकंच टिकण्यासाठी आहे.

अर्धा किलो कोंडा रुंद सपाट कढईत, ६०० ते ८०० वॅटवर, सतत हलवत आठ-दहा मिनिटं. रंग बदामी होतो आणि बिस्किटासारखा वास सुटतो, तिथे थांबायचं. इंडक्शनला हेच जमत नाही. स्वस्त इंडक्शन कमी वॅटवर खरोखर मंद चालत नाही. काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद बंद राहते आणि सरासरी कमी दाखवते. पाच लिटर पाण्याला हे झटके जाणवत नाहीत, कोरड्या कोंड्याला लगेच लागतात. त्यात वेटोळं वितभर रुंदीचं आणि कढई त्याहून मोठी. पेंडीचा घट्ट लगदा शिजवून पातेलं रिकामं केलं की बुडाशी बांगडीसारखी तपकिरी कडी उमटलेली दिसते, बरोबर वेटोळ्याच्या मापाची. कडीच्या आतला आणि बाहेरचा लगदा पांढरट, कडीवरचा करपलेला. ती खरवड चाऱ्यात मिसळू नका, कडवट जळका वास सगळ्या गोळ्याला लागतो.

इन्फ्रारेडचीही पट्टी चालू-बंद होते, पण तापलेली काच ते झटके पोटात घेते आणि धग पसरट लागते. भाजताना तिचा दोष एकच. बंद केल्यावरही भाजणं चालू राहतं. त्यामुळे रंग हवा तसा येण्याच्या मिनिटभर आधी बटण बंद करा आणि रंग आला की कढई लगेच खाली उतरवून कोंडा परातीत पसरा.

वाफवलेल्या चाऱ्यालाही इन्फ्रारेडच. गोळ्या उकळण्याऐवजी इडलीपात्रात वाफवल्या तर रस पाण्यात जात नाही, पण आपल्याकडची बहुतेक इडलीपात्रं आणि मोदकपात्रं ॲल्युमिनियमची. मक्याचंही तसंच: २४ तास भिजवायचा, जुन्या साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला पाच-सहा शिट्या, मग त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचा. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फुगलेला दाणा आणि साल शिट्टीच्या भोकात अडकतं. मका अर्धाकच्चा टाकणं माशाच्या दृष्टीनं वाईट, पोटात जाऊन फुगतो.

गुळाबद्दल मात्र इन्फ्रारेडवाल्यांनी सावध राहावं. इथला गूळ चाऱ्यात हमखास असतो आणि गुळाचं पाणी उतू जातंच. इंडक्शनची काच भांड्याइतकीच तापलेली असते, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. इन्फ्रारेडची काच कितीतरी जास्त तापते. गूळ तिच्यावर वितळून घट्ट चिकटतो आणि थंड होताना आकसून काचेचे बारीक टवके ओढून काढतो. म्हणून शेगडी बंद करून काच गरम असतानाच लाकडी मुठीच्या पात्यानं तो खरवडून बाजूला करायचा, हाताला जाड फडकं गुंडाळून. तापल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

चारा गॅलरीत किंवा परसात शिजवत असाल तर आधी सॉकेट बघा. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. प्लग गरम होतो, प्लॅस्टिक पिवळं पडून वितळतं. १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग, मध्ये पातळ एक्स्टेंशन नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू इंडक्शनपासून दोन फूट तरी लांब राहावं. इन्फ्रारेडला हा प्रश्न नाही, तिथे काळजी लेकरांच्या हाताची: लाली गेल्यावरही काच बराच वेळ भाजते.

तुमचा चारा मुख्यतः पाण्यात उकळणारा असेल तर इंडक्शन घ्या. भाजायचा, वाफवायचा असेल आणि भांडी जर्मनची असतील तर इन्फ्रारेड. दोन्ही करत असाल आणि एकच परवडत असेल तर इन्फ्रारेड घ्यावी. तिच्यावर बॉयली सावकाश का होईना नीट होतात, इंडक्शनवर कोंडा नीट भाजता येत नाही. दोन्हींच्या पोटात पंखा असतो आणि तो खालून हवा ओढतो. पेंड चाळणं, पीठ मळणं शेगडीपासून लांब करा, नाहीतर पिठाची धूळ आत जाऊन बसते आणि ऐन घाण्यात शेगडी तापून बंद पडते. महिन्यातून एकदा प्लग काढून खालची जाळी मऊ ब्रशनं झाडा. काम संपल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.