इंप्रुनेता

इटलीच्या तस्कनी प्रदेशातील लहानसे गाव. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस सु. १२ किमी.वर, ग्रेवे आणि एमा या दोन ओढ्यांमधील टेकडीवर वसलेले. लोकसंख्या सु. १४,०००. कीआंती या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशाला येथूनच सुरुवात होते. गावाला रेल्वे नाही. फ्लॉरेन्सहून बसने येता येते आणि बहुतेक प्रवासी बुओन्देलमोन्ती चौकात उतरतात. गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : मेरीमातेचे एक जुने चित्र आणि भाजलेल्या मातीचे काम.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘इन पिनेता’, म्हणजे पाइनच्या वनात, अशी फोड लोकांत रूढ आहे. पण जुन्या लॅटिन लेखनात ‘इन प्रुनेता’ हे रूप येते आणि ‘प्रुनुस’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीचे काटेरी झुडूप. उच्चारातील ‘र’ पाहता दुसरी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

मेरीचे चित्र येशूचे चरित्र लिहिणारा संत लूक याने स्वतः रंगवले, अशी श्रद्धा आहे. आख्यायिकेनुसार गावकऱ्यांनी चर्च बांधायला घेतले, तेव्हा दिवसा उभारलेल्या भिंती रात्री कोसळत. मग दगड लादलेले बैल मोकळे सोडले. ते जिथे गुडघे टेकून बसले तिथे खणताना कुदळ चित्राला लागली आणि जमिनीतून किंकाळी ऐकू आली. छळाच्या काळात आद्य ख्रिस्ती लोकांनी ते पुरून ठेवले असावे, असा खुलासा पुढे जोडला गेला. चर्चचा अभिषेक १०६० मधला मानतात. चित्राचा काळ मात्र त्यावरून ठरत नाही. शतकानुशतके ते वस्त्राने झाकलेले असे. १७५८ मध्ये इन्यात्स्यो हगफर्ड या चित्रकाराने त्याची मोठी दुरुस्ती केली. त्यामुळे आज दिसणारा चेहरा किती जुना, हे शैलीवरून सांगणे धोक्याचे आहे. चौदाव्या शतकापासून अवर्षण, अतिवृष्टी किंवा साथ आली की हे चित्र मिरवणुकीने फ्लॉरेन्सला नेत. १६३३ च्या प्लेगमध्ये ते असेच नेले होते. चर्चपुढील कमानींचा सोपा गेरार्दो सिल्वानी या वास्तुकाराने १६३४ मध्ये प्लेग सरल्याच्या कृतज्ञतेपोटी बांधला. आत मिकेलोत्सो या वास्तुकाराच्या दोन देवळ्या असून त्यांवर लूका देल्ला रॉब्ब्या या शिल्पकाराची झिलई दिलेली, भाजलेल्या मातीची शिल्पे आहेत. जुलै १९४४ च्या बॉम्बफेकीत चर्चची मोठी हानी झाली. आजची देवळ्यांची मांडणी नंतरच्या जीर्णोद्धारातील आहे, हे पाहताना लक्षात ठेवावे. देल्ला रॉब्ब्याचे काम येथे असल्याने त्याची माती इथलीच, असा समज होतो. तो बरोबर नसावा : त्याची माती भाजल्यावर फिकट पिवळसर निघते, इंप्रुनेताची लालसर.

इथल्या मातीला ‘तेर्रा तुर्किना’, म्हणजे निळसर माती, म्हणतात. स्थानिक शेल खडक झिजून ती बनते. खाणीतून निघताना ती निळसर करडी असते. दळून, पाणी घालून मळल्यावर ती रांजणाच्या कामाला येते. भट्टीत सु. १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर तिच्यातील लोहामुळे तिला गुलाबी तांबूस रंग चढतो. वाळताना आणि भाजताना ती आटते, म्हणून ओला रांजण ठरलेल्या मापाहून मोठाच घडवावा लागतो. इथल्या कुंड्या हिवाळ्यात उघड्यावर राहूनही सहसा फुटत नाहीत. एरवी सच्छिद्र मातीत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि पापुद्रे सुटतात. या टिकाऊपणाचे श्रेय मातीतील खनिजांना द्यावे की भाजणीला, यावर मते वेगळी आहेत. दोन्हींचा वाटा असावा, हे मत सयुक्तिक वाटते.

मोठा रांजण चाकावर चढत नाही. कारागीर मातीच्या जाड वळ्या करतो आणि एकावर एक बसवत स्वतःच रांजणाभोवती फिरतो. एका दिवशी थोडीच उंची वाढवायची, खालचा थर जरा आवळला की पुढची वळी लावायची. घाई केली तर पोट खाली बसते. आतून हात फिरवला तर बोटांनी सांधे दाबल्याच्या खुणा लागतात. बाहेरची बाजू लाकडी फळीने गुळगुळीत करून त्यावर घराण्याचा शिक्का, माळ किंवा कुलचिन्ह उठवतात. ऑलिव्ह तेलाचे रांजण, लिंबाच्या झाडांच्या कुंड्या, फरश्या आणि कौले हा येथील पारंपरिक माल होय. व्यवसाय संघटित असल्याचा उल्लेख १३०८ च्या दस्तऐवजात येतो. भट्ट्या त्याहून जुन्या असणार.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट (१४२०–३६) इथल्या विटांनी उभा राहिला, असे गावात अभिमानाने सांगतात. घुमटाला सु. ४० लाख विटा लागल्या, असा अंदाज आहे. एवढ्या विटा एकाच गावाने पुरवणे अवघड होते आणि शहराभोवती इतरही भट्ट्या होत्या. छपराच्या कौलांबाबतचा दावा त्या मानाने अधिक मान्य आहे. ‘पेपोसो’ हे मांसाचे कालवणही याच परंपरेशी जोडतात : बैलाच्या पायाचे चिवट मांस, लसूण, भरपूर मिरी आणि तांबडी वाइन मातीच्या भांड्यात घालून भट्टीच्या तोंडाशी कित्येक तास शिजत ठेवायचे. टोमॅटो घातलेली पाककृती अर्थातच पुढची. घुमटाचा वास्तुकार ब्रूनेलेस्की याच्या हयातीत टोमॅटो युरोपात आलेला नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी द्राक्षोत्सव भरतो. तो १९२६ पासून सुरू असून फोर्नाची, पाल्लो, सान्ते मारिए आणि सान्तान्तोन्यो हे चार मोहल्ले त्यात चित्ररथांची चढाओढ करतात. संत लूकची जत्रा मात्र फार जुनी. ती १८ ऑक्टोबरच्या सुमारास भरते आणि पूर्वी घोडे-खेचरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध होती. झाक कालो या फ्रेंच कलावंताने १६२० मध्ये केलेल्या अम्लरेखन-चित्रात (धातूच्या पत्र्यावर अम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) ही जत्रा हजारावर आकृत्यांनिशी दिसते : चौक, मागे चर्च आणि पुढे मांडलेली मातीची भांडी.