आधी कोण देणार? गेममधल्या सौद्यांची पार्श्वभूमी

‘आयडी सेल. सकुरा, हिपहॉप दोन्ही आहेत. एव्हो गन फुल. मिडलमन चालेल.’ लातूरच्या शिकवण्यांच्या भागात किंवा नांदेड-परभणीच्या वसतिगृहांत राहणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप-टेलिग्राम गटांत असले निरोप नवे नाहीत. ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सकुरा आणि हिपहॉप हे फ्री फायर गेमच्या अगदी सुरुवातीच्या पासमधले पोशाख. ते ज्याच्या खात्यात, तो जुना खेळाडू, म्हणून त्या खात्याला, म्हणजे आयडीला, भाव. एव्हो गन म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची बंदूक, आणि मिडलमन म्हणजे सौद्यातला मध्यस्थ. या गेममध्ये एका खेळाडूने दुसऱ्याला वस्तू विकायची सोय नाही. मग वस्तूऐवजी अख्खं खातंच विकलं जातं, गेमच्या बाहेर, यूपीआयवर पैसे घेऊन. आणि सौदा दरवेळी एकाच ठिकाणी अडतो. पैसे आधी टाकले तर समोरचा ब्लॉक करून पसार होऊ शकतो. पासवर्ड आधी दिला तर पैसे बुडू शकतात.

आधी कोण देणार, हा प्रश्न गेममधल्या बाजारांइतकाच जुना आहे. त्यावर खेळाडूंनी आणि कंपन्यांनी वेळोवेळी जी उत्तरं काढली, त्यांचाच हा मागोवा.

मराठवाड्यात हा प्रश्न संगणकाच्या आधीपासून ओळखीचा आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा घ्या. जनावरांच्या अशा बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांवर भाव ठरवायची रीत होती. दलालाने घेणाऱ्याकडून एक आकडा घेतला आणि विकणाऱ्याला दुसरा सांगितला, तर मधला फरक तिसऱ्याला दिसायचा नाही. हैदराबाद संस्थानाने १९३० साली शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. सगळा रोख झाकलेला भाव उघडा करण्यावर होता: बोली सगळ्यांदेखत, माप परवानाधारक मापाड्याचं, आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी. मोंढ्यातली लूट त्याने संपली असं कुणी म्हणणार नाही. कडत्यावरून, म्हणजे वजनातल्या कपातीवरून, आजही भांडणं होतात. पण भांडायला हातात पट्टी असते, हा फरक लहान नाही. गेममधल्या बाजारांचा इतिहास वाचताना मला सारखी ही पट्टी आठवते.

आता गेमकडे. १९८६ मध्ये लुकासफिल्मने ‘हॅबिटॅट’ नावाचं एक आभासी गाव कमोडोर ६४ संगणकावर चालवून पाहिलं. गावात वस्तू विकणारी यंत्रं होती आणि जुन्या वस्तू विकत घेणारीही. किमती ठरवताना घोळ झाला. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनला मिळे आणि दुसरं यंत्र तीच १०० टोकनला घेई. स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला विकला जाई. काही खेळाडूंच्या हे लक्षात आलं. त्यांनी रात्रभर फेऱ्या मारल्या, आणि सकाळी गावातला एकूण पैसा पाचपट झालेला होता. विचारल्यावर त्यांचं म्हणणं असं की आम्ही नियमातच कमावलं. चालकांनी त्यांची कमाई काढून घेतली नाही, आणि त्या मंडळींनी पुढे त्याच पैशांवर गावासाठी खजिना शोधायचे खेळ भरवले. अशी माणसं नंतरच्या गेममध्ये फार सापडत नाहीत.

हॅबिटॅटमध्ये खोट यंत्रात होती. दोन खेळाडूंमधल्या सौद्याची खरी परीक्षा १९९६ च्या ‘डायब्लो’त झाली. त्यात देवाणघेवाणीसाठी पडद्यावर वेगळी खिडकीच नव्हती. तू तुझी तलवार जमिनीवर टाक, मी माझं सोनं टाकतो, मग दोघं उचलू. एकाने टाकायचं, दुसऱ्याने झडप घालून पळायचं, असं व्हायचंच. शिवाय वस्तूंच्या नकला काढायच्या युक्त्या गावभर झालेल्या. २००० साली ‘डायब्लो २’ मध्ये खिडकी आली: दोघांचा माल समोरासमोर दिसणार, दोघांनी होकार दिला तरच हात बदलणार. आधी कोण देणार, हा प्रश्न निदान एका सौद्यापुरता तरी मिटला. पण या गेममधलं सोनं इतकं फोल ठरलं की खेळाडूंनी स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी चलन म्हणून धरली. मग लोक अंगठीच्याच नकला काढू लागले.

खिडकी आल्यावर लबाडी तिच्यात शिरली. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘रूनस्केप’मध्ये शेवटच्या क्षणी मौल्यवान वस्तू काढून तशीच दिसणारी स्वस्तातली ठेवायची आणि समोरच्याने घाईत होकार दाबायची वाट बघायची, हा ठगांचा नेहमीचा डाव होता. त्यावर दुसरा पडदा आला: नेमकं काय देताय आणि काय मिळतंय ते लिहून दाखवून पुन्हा एकदा होकार घेणारा. ज्याला आपण आज सहज ‘कन्फर्म’ म्हणतो, त्या बटणामागे असे किती बुडालेले सौदे आहेत!

खिडकीतून फक्त समोरच्याचा माल दिसतो. बाजारात त्याचा भाव काय, हे ती सांगत नाही. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये खेळाडूंनी आपणहून ईस्ट कॉमनलँड्स भागातला एक बोगदा बाजारपेठ म्हणून धरला होता. तिथे उभं राहून ओरडायचं, काय विकतोय, काय हवंय. रोज बोगद्यात बसणाऱ्याला भाव पाठ असायचे. नवखा आला की त्याला कवडीमोलाने लुबाडायचं. २००१ च्या अखेरीस कंपनीने बझार नावाची रीतसर पेठ दिली. त्याच वर्षी एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने याच गेमच्या जगावर निबंध लिहिला. बाहेर डॉलरमध्ये होणाऱ्या विक्रीवरून हिशोब मांडून त्याने दाखवलं की या कल्पित देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधे कुठेतरी बसतं. त्यानंतर अभ्यासकांना तरी या बाजारांकडे पोरखेळ म्हणून बघता येईना.

भाव फळ्यावर लागला म्हणजे बाजार न्याय्य झाला, अशी समजूत मात्र चुकीची निघाली. रूनस्केपने नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज ही गेममधली मध्यवर्ती पेठ सुरू केली आणि लगोलग, खऱ्या पैशात होणारी विक्री रोखण्यासाठी, खेळाडूंच्या आपसातल्या असमान देवाणघेवाणीवर कडक मर्यादा घातल्या. ठगांबरोबर मित्राला भेट देणारेही अडकले. इकडे एक्स्चेंजवरचे भाव ठरावीक पट्ट्यातच हलत असल्याने टोळ्या करून एकच वस्तू उचलायची, भाव चढवायचा आणि मागून आलेल्यांच्या गळ्यात माल मारायचा, हा धंदा फोफावला. फेब्रुवारी २०११ मध्ये, खेळाडूंचं मतदान घेऊन, मुक्त व्यापार परत आणावा लागला.

‘पाथ ऑफ एक्झाइल’चं उदाहरण याहून बोलकं आहे. या गेमच्या कर्त्यांनी लिलावघर मुद्दामच ठेवलं नाही. खेळाडूंनी बाहेर संकेतस्थळं उभारली, त्यांवर सगळ्यांचा माल आणि मागितलेला भाव शोधता येई. दिसायला किती पारदर्शक! पण यादीत भाव लावणं आणि त्या भावाला खरंच विकणं या दोन गोष्टी होत्या. काही जण एखाद्या वस्तूच्या पाच-सहा नगांवर पडेल भाव लावत आणि कुणी मागायला गेलं तर उत्तरच देत नसत. नवा खेळाडू यादी बघून आपलीही वस्तू त्याच भावाला टाके, आणि हे तत्काळ ती उचलत. पुकारलेला भाव आणि झालेला सौदा यांत इतकं अंतर मोंढ्यातही चालत नाही, तिथे बोली लावली की माल घ्यावा लागतो. पुढे जुलै २०२४ मध्ये गेममधल्या चलनांपुरती आपोआप सौदा जुळवणारी पेठ आली, तेव्हा त्या एका कोपऱ्यात तरी हे खोटे भाव निरर्थक झाले.

उलट टोकाचा प्रयोग ‘डायब्लो ३’ ने केला. २०१२ मध्ये कंपनीनेच खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं. सौदे सुरक्षित होते, कंपनीचा हिस्साही ठरलेला. पण राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा विकत घेणं सोपं झालं आणि खेळातला जीव गेला. १८ मार्च २०१४ ला ते बंद झालं.

खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या व्यवस्थांत सगळ्यात रंजक भाग वस्तूंच्या विक्रीचा नाहीच, वाटपाचा आणि ठेवींचा आहे. एव्हरक्वेस्टमध्ये चाळीस-पन्नास जण मिळून एखादा ड्रॅगन मारत आणि वस्तू निघत दोन-तीन. कुणाला द्यायच्या? यातून हजेरीचे गुण मोजून त्यांवर वस्तू देण्याची पद्धत निघाली, जी डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स) या नावाने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही गेली. गुणांचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवणारे गट टिकत. ज्या गटात तक्ता म्होरक्याच्याच संगणकात, तिथे त्याच्या जवळच्यांना चिलखत आधी मिळतंय अशी कुजबुज सुरू होई, मग फूट. नंतर गुणांऐवजी गेममधल्या सोन्याची बोली लावून वस्तू विकायची आणि जमलेलं सोनं सगळ्यांत वाटायचं, अशी जीडीकेपी पद्धत रुजली. बोली सगळ्यांसमोर, हिशोब चोख. पण बोलीचं सोनं अनेकदा बाहेरून पैसे देऊन घेतलेलं. २०२४ मध्ये कंपनीने आपल्या सीझन ऑफ डिस्कव्हरी या आवृत्तीत ही पद्धत बंदच केली.

ठेवींची कथा ‘ईव्ह ऑनलाइन’ची. २००३ साली सुरू झालेल्या या गेममध्ये बाजारातली प्रत्येक मागणी आणि विक्री सगळ्यांना दिसते, कंपनीने २००७ मध्ये बाजारावर नजर ठेवायला एक अर्थशास्त्रज्ञही नेमला. पण बाजाराबाहेर खेळाडूंनी बँका काढल्या. २००६ मध्ये अशीच एक बँक चालवणारा खेळाडू सुमारे ७९० अब्ज इतकं गेममधलं चलन घेऊन पसार झाला. कंपनीने हस्तक्षेप केला नाही, कारण फसवणूक हा त्या गेमच्या नियमांत बसणारा डाव होता. २००९ मध्ये ईबँक नावाच्या बँकेच्या प्रमुखाने २०० अब्ज उचलून खऱ्या पैशांत विकले. ठेवीदारांची रांग लागली. त्याचं खातं बंद झालं ते चोरीसाठी नाही, गेमचं चलन खऱ्या पैशांत विकल्यासाठी! आपल्याकडे पतसंस्था बुडताना पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल असलंच तर एवढंच, की इथे चालक कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं, तुमचं तुम्ही बघा.

याच गेमला आणखी एक धडा मिळाला. एका कर्मचाऱ्याने आपल्या गटाला वस्तू बनवायचे दुर्मीळ आराखडे मिळवून दिल्याचं २००७ मध्ये उघड झालं. खेळाडू चिडले ते हिशोब तपासणाराच खेळात उतरला म्हणून. २००८ पासून खेळाडूंनी निवडलेलं मंडळ कंपनीसमोर बसू लागलं.

स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या मंचावरची गोष्ट आपल्या पोरांना जवळची. २०१२ च्या अखेरीस तिथे वस्तूंची पेठ उघडली, काउंटर-स्ट्राइक या गेमच्या बंदुकांवरच्या रंगांना हजारोंचा भाव येऊ लागला, आणि चोर खात्यांवर पडले. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच सांगितलं की महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जात आहेत. मग मोबाइलवरून खातरजमा न करणाऱ्यांचे सौदे काही दिवस रोखून धरायचा नियम आला. २०१६ मध्ये कळलं की याच वस्तूंवर जुगार लावणाऱ्या एका संकेतस्थळाची जाहिरात करणारे दोन नामांकित यूट्यूबर त्याचे मालकच होते, आणि हे त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये त्यांच्याशी समझोता करून यापुढे असे संबंध उघड करण्याची अट घातली. ‘मी स्वतः जिंकलो, तुम्हीही खेळा’ म्हणणारा कोण आहे हे तपासायची सवय तेव्हापासून लागायला हवी होती.

या सगळ्यातून पुन्हा आयडीच्या सौद्यांकडे आलं की त्यांचा उघडेपणा किती कमी आहे ते दिसतं. खिडकी नाही, दुसरा पडदा नाही, झालेल्या सौद्यांची नोंद नाही. मधे मिडलमन: दोघांकडून पैसे आणि पासवर्ड घेणारा, आपलं शुल्क कापणारा. त्याची पत म्हणजे जुन्या सौद्यांचे स्क्रीनशॉट, आणि ते बनवायला पाच मिनिटं पुरतात. तो प्रामाणिक असला तरी एक धोका उरतोच. खातं मुळात ज्या ईमेलशी किंवा फेसबुकशी जोडलेलं, तो पहिला मालक काही आठवड्यांनी ‘माझं खातं हरवलं’ म्हणून ते परत मिळवू शकतो. कंपनीकडे दाद मागावी, तर खातं विकणंच नियमाविरुद्ध.

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये मारहाण करून रूनस्केपमधलं ताईत आणि मुखवटा काढून घेणाऱ्यांना चोर ठरवलं, गेममधली वस्तूही चोरता येते असं मान्य केलं. आपल्याकडचा २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. फसलेल्या आयडीच्या सौद्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे उपयोगी पडते ती पैशांच्या फसवणुकीची तक्रार: १९३० हा क्रमांक किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. पैसे पुढच्या खात्यांत वळते व्हायच्या आत, म्हणजे पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. तक्रारीसोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा मोबाइल क्रमांक, न पुसलेलं संभाषण आणि गेममधला खातेक्रमांक लागतो. पोरं अनेकदा घरी कळेल म्हणून गप्प बसतात आणि रागाच्या भरात सगळं संभाषण आधी पुसून टाकतात.